दोन पावसाळे राहून झाल्यावर: मुलांसाठी दुरुस्त केलेलं आमचं कौलारू घर

२०२४ च्या अक्षय्य तृतीयेला आम्ही दुरुस्त केलेल्या घरात पुन्हा राहायला आलो. त्याला आता दीड वर्ष झालं. दोन पावसाळे आणि दोन चवथी, म्हणजे गणेशचतुर्थी, या घरात काढल्या. आल्या आल्या लिहायला बसले असते तर प्रत्येक खोलीचं कौतुकच केलं असतं, कारण मे महिन्यात गोव्यातलं कुठलंही नुकतं रंगवलेलं घर सुंदरच दिसतं. काम कसं झालंय ते आषाढात कळतं. म्हणून थांबले.

घर म्हार्दोळजवळ आहे. माझ्या आजेसासऱ्यांनी बांधलेलं. चिऱ्याच्या म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे सोपो म्हणजे ओसरी, मधे लहानसं राजांगण म्हणजे आतलं उघडं अंगण, मागे पडवी आणि पडवीपलीकडे विहीर. आम्ही दोघं, सासूबाई, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा असं आमचं कुटुंब. नोव्हेंबर २०२३ मध्ये काम काढलं तेव्हा धाकटा दोन वर्षांचा होता आणि दिसेल त्यावर चढत होता. पाडून स्लॅबचं घर बांधा, असं सांगणारे पुष्कळ भेटले. आम्ही पाडलं नाही आणि त्याचा एक दिवसही पस्तावा झालेला नाही. अंदाज १४ लाखांचा होता, गेले १७.५ लाख. वरचे साडेतीन लाख जवळजवळ सगळे छपरात गेले. कौलं उतरवली तेव्हा कळलं की पश्चिमेकडचे वासे वाळवीने आतून पोखरलेत. वरून रंग शाबूत, बोटाने दाबलं की बोट आत. जुन्या घराचं काम काढणाऱ्यांनी छपरासाठी वेगळे पैसे बाजूला काढूनच ठेवावेत.

भिंतींबद्दल सविस्तर लिहिते, कारण सगळे तेच विचारतात. चिरा पाणी पितो. पावसाळ्यात जमिनीतली ओल त्यातून वर चढते आणि तिला बाहेर पडायला वाट लागते. चुन्याचा गिलावा ती वाट मोकळी ठेवतो. सिमेंटचा गिलावा करून वर प्लास्टिक पेंट चढवला की ओल कोंडते, मागोमाग खार येतो आणि रंगाला फोड धरतात. हे आम्हाला आधी ठाऊक होतं. तरी पैसा आणि वेळ बघून चुना फक्त दोन ठिकाणी केला, माजघरात आणि मुलांच्या खोलीत. पश्चिमेच्या खोलीला आणि स्वयंपाकघराकडच्या बोळाला सिमेंट. त्यामुळे एकाच घरात, एकाच पावसात, दोन्हींचा अनुभव मिळाला.

२०२४ चा पावसाळा गोव्यात किती जड गेला ते इथल्या कुणाला सांगायला नको. ऑगस्टमध्ये पश्चिमेच्या खोलीत जमिनीपासून गुडघाभर उंचीपर्यंत फोड आले. पापुद्रा दाबला की फुटायचा आणि आतून पांढरी भुकटी झरायची. धाकटा भिंतीशी बसून एकेक फोड फोडायचा आणि ती बोटं तोंडात घालायचा, म्हणून ती खोली बंदच ठेवावी लागली. माजघराच्या भिंतीला त्याच दिवसांत हात लावला तर ती गार लागायची, किंचित ओलसरही, पण रंग जागच्या जागी. ऑक्टोबरची उन्हं पडली आणि भिंत आपसूक सुकली. यंदा तर पाऊस मे महिन्यातच आला, तरी तिचं काही बिघडलं नाही.

चुन्याचे त्रासही सांगते. सिमेंटच्या दुपटीहून जास्त खर्च आला. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही. आमच्या दोन खोल्यांना पाच आठवडे लागले, आणि तेवढे दिवस गिलावा ओला राखावा लागला. ओला चुना डोळ्यात गेला तर डोळा भाजतो, म्हणून तोवर मुलं माझ्या माहेरी डिचोलीला होती. भिंतीला टेकून बसलं की कपड्यांना पांढरं लागतं. मुलांनी पेन्सिलीने काढलेली चित्रं पुसता येत नाहीत, चवथीआधी चुन्याचा एक हात मारला की जातात. मला हे सगळं चालतं. ज्यांना भिंत ओल्या फडक्याने पुसून लख्ख झालेली हवी, त्यांना चालणार नाही.

जुन्या दारांवर तेलरंगाचे कितीतरी थर होते. रंगाऱ्याने पहिल्याच दिवशी घासायचं मशीन लावलं आणि अर्ध्या तासात सोप्यावर निळसर धूळ पसरली. मी काम थांबवलं. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाखात ९० भागांपेक्षा, जास्त नसावं हा नियम आपल्याकडे लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. आमच्या दारांवरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते, आणि रांगणाऱ्या, तोंडात बोटं घालणाऱ्या मुलाच्या पोटात ती सहज जाते. मग रंग पाण्याने भिजवून पत्र्याने खरवडून काढला, खाली प्लास्टिक अंथरलं, रोज संध्याकाळी फरशी ओल्या फडक्याने दोनदा पुसली. रंगाऱ्याला चार दिवस जास्त लागले, त्याची मजुरी आनंदाने दिली. मुलं घरात असताना जुन्या दारा-खिडक्यांवर कोरडं मशीन कुणी लावू देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

फरशीत एक निर्णय बरोबर आला आणि एक चुकला. माजघरातली आजेसासऱ्यांच्या वेळची लाल सिमेंटची जमीन ठेवली. भेगा बुजवल्या, घासून घेतली, खोबरेल लावून चोळली. दोन्ही मुलं दिवसभर तिच्यावर लोळतात, उन्हाळ्यात दुपारी सगळं घर तिथेच आडवं होतं. चुकली ती बोळातली चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी. दुकानात दिव्याखाली फार छान दिसली होती. जुलैत हवेतल्या दमटपणाने तिला घाम सुटतो, पाणी सांडायचीही गरज नाही. पहिल्याच महिन्यात मुलगी शाळेची पिशवी घेऊन धावताना घसरली आणि हनुवटीला तीन टाके पडले. आता तिथे जाडसर पायपुसणी टाकल्यात, फरशी बदलेपर्यंत तेवढाच उपाय. न्हाणीघरात मात्र सुरुवातीपासून खरखरीत, पाय न घसरणारी आर ११ प्रतीची फरशी बसवली होती. तिथे आजवर कुणी घसरलेलं नाही, सासूबाईसुद्धा निर्धास्त जातात. ती घासायला जरा जड जाते, एवढंच.

कपाटांचा अनुभव सगळ्यात कडू. ठेकेदाराने मुलांच्या खोलीतली कपाटं ७१० मार्काच्या प्लायची, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायची करतो असं सांगून पैसे घेतले आणि साधा कमर्शियल प्लाय वापरला. सनमायका वरून चढल्यावर आपल्याला काय कळणार? सप्टेंबरपर्यंत खालचे खण फुगले आणि दारं लागेनाशी झाली. एक फळी कापून बघितली तेव्हा उमगलं. भांडलो, थोडे पैसे परत मिळाले, मुलीच्या पुस्तकांना लागलेली बुरशी काही निघाली नाही. प्लाय घरात आला की सनमायका चढायच्या आधी प्रत्येक शीटवरचा आयएस ७१० चा शिक्का स्वतः वाचा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दुसरं म्हणजे कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका. यंदा आम्ही कपाटं भिंतीपासून तीन इंच पुढे घेतली, खाली पाय लावले आणि दारांना हवा खेळेल अशा झिलमिल पट्ट्या बसवल्या. या पावसाळ्यात कपड्यांना तो ओला वास आला नाही. शाळेचे चामड्याचे बूट मात्र आत ठेवले की आठवड्यात हिरवे होतात, ते बाहेर उघड्यावरच बरे. मोठी कपाटं भिंतीला लोखंडी पट्टीने जखडलेली आहेत. खणांची शिडी करून मुलं वर चढतात आणि कपाट अंगावर येतं. धाकटा खरोखर चढला होता, पट्टी होती म्हणून निभावलं.

आता या सगळ्या कामातली माझी सर्वांत लाडकी जागा. मागची पडवी. दुरुस्तीच्या मूळ आराखड्यात ती नव्हतीच, तिथे नुसतं सामान पडायचं. सासूबाई म्हणाल्या, "पोरं शाळेतून भिजून येतात ती पुढच्या दाराने कशाला? मागे काहीतरी करा." आम्ही पडवीचं छप्पर चार फूट पुढे नेलं आणि तिन्ही बाजूंना वर जाळी, खाली कमरेइतकी चिऱ्याची भिंत घेतली. जमिनीला उतार देऊन पाणी जायला वाट ठेवली. एका कोपऱ्यात बुटकी मोरी आणि मुलांच्या हाताला येईल असा नळ. भिंतीवर दोन उंचींवर खुंट्या, खालच्या मुलांच्या. छताला कप्पीवरून खाली-वर होणारे कपडे वाळत घालायचे दांडे. वर पंखा. एकूण ६०,००० रुपये.

जूनपासून रोज दुपारी एक वाजता काय होतं ते लिहिते. बस थांबते, थोरली विहिरीकडून धावत येते, रेनकोट झटकून आपल्या खुंटीला अडकवते, चपला उलट्या करून कट्ट्यावर, पायावर दोन तांबे पाणी, पाय पुसून मग उंबरा. धाकटा यंदापासून बालवाडीत जातो, तोही तिचं बघून तेच करतो, चपला फक्त भलत्याच पायरीवर ठेवतो. मला एकदाही ओरडावं लागत नाही. घरात चिखल येत नाही, ओले कपडे माजघरात दोऱ्यांवर लटकत नाहीत, आणि पंख्याखाली गणवेश सकाळपर्यंत सुकतो. गोव्यात मुलांसाठी घर करणाऱ्याने सगळ्यात आधी ही ओली जागा आखावी, मुलांच्या खोलीचा रंग मागून ठरवावा, असं मला अगदी मनापासून वाटतं. चार महिने मुलं एक तर भिजून येतात, नाही तर बाहेर जाता येत नाही म्हणून घरात असतात. दोन्ही वेळांना कामाला येते ती पडवीच. मुसळधार असेल तेव्हा तिथे सागरगोटे चालतात, कागदी होड्या राजांगणातल्या पाण्यात सोडून झाल्या की हात-पाय धुणंही तिथेच.

मुलांच्या खोलीवर उलट नको इतका खर्च केला. रंगीत दुमजली पलंग बनवला, त्यावर अजून कुणी सलग महिनाभर झोपलेलं नाही. दोघंही माजघरात आजीजवळ गाद्या घालून झोपतात. पलंगाचा वरचा मजला काढून टाकला, कठडा बुटका होता आणि पंखा फार जवळ. त्या खोलीत चाललं ते दोनच गोष्टींचं. एक, दाराशेजारी जमिनीपासून तीन फुटांपर्यंत केलेला फळा. दुसरं, छपरातली काचेची दोन कौलं. ती बसवायला फार पैसे लागले नाहीत, दिवसा दिवा लावावा लागत नाही. डिसेंबरात सकाळी उन्हाचा चौकोन जमिनीवर पडतो आणि सरकत सरकत पलंगापर्यंत जातो, धाकटा आपली गाडी घेऊन त्याच्याबरोबर सरकतो. याच खोलीची कौलं उतरवताना मुलीला एका कौलाच्या पोटावर मंगलोरी कौलं बनवणाऱ्या बासेल मिशनचं नाव आणि १८६५ हा आकडा सापडला. ते कौल वर न चढवता तिच्या टेबलावर ठेवलंय. माकडं महिन्याकाठी दोन-तीन कौलं फोडतात, त्यामुळे कौलांचा शंभराचा जादा साठा मागे रचून ठेवला आहे. जिप्समचं फॉल्स सीलिंग आम्ही पश्चिमेच्या खोलीत केलं होतं. फुटलेल्या कौलातून पाणी उतरलं, जिप्समचा तक्ता फुगून खाली आला, आता काढून टाकलंय. कौलारू घरात ते करू नये.

सुरक्षेचं थोडक्यात. विहिरीवर कुलपाची लोखंडी जाळी, पैसे नसले तरी हे काम पहिलं करा. घराच्या वायरिंगला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच, ओल्या भिंतींच्या घरात तो हवाच. पहिल्या पावसात तो सारखा पडायचा तेव्हा वैताग आला होता, पण शोधल्यावर पंपाच्या वायरीत गळती निघाली, आणि पंप विहिरीशी, जिथून मुलं धावत येतात. माळ्याच्या कठड्याच्या गजांमध्ये चार इंचांपेक्षा कमी अंतर ठेवलं, लहान मुलाचं डोकं त्यातून जाता कामा नये. गटारांच्या तोंडांना बारीक जाळी, साप आत येऊ नयेत म्हणून.

एक गोष्ट आम्ही जवळजवळ विसरलो होतो. छपराचं काम संपत आलं तेव्हा सासूबाईंनी विचारलं, माटोळी, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट, कुठे बांधणार? जुन्या तुळईला कड्या होत्या, त्या सुताराने साफ करताना काढून टाकल्या होत्या. नव्या तुळईत चार पितळी कड्या परत बसवल्या, आणि माझ्या आग्रहावरून चौकट आधी खाली उतरेल अशा दोऱ्या ठेवल्या. त्यामुळे दोन्ही वर्षं मुलांनी स्वतःच्या हातांनी तोरिंग, आंबाडे, नारळ, सुपारीचे घोस बांधले आणि मग चौकट वर ओढली. यंदा चवथ २७ ऑगस्टला होती, आदल्या रात्री धाकटा चौकटीखालीच झोपून गेला.

येत्या जानेवारीत पश्चिमेच्या खोलीतलं सिमेंट उतरवून चुना करायचा आहे, आणि त्याच वेळी बोळातली फरशीही काढायची. गवंडी तोच, माजघराचं काम केलेला. या वेळी मुलांना शाळा असल्याने डिचोलीला पाठवता येणार नाही, म्हणून खोलीचं आतलं दार ताडपत्रीने बंद करून मजुरांची ये-जा बाहेरच्या दाराने ठेवू.