डील की पुन्हा मतदान? स्विंडनहून, एप्रिल २०१९

पाडव्याच्या जेवणाला हॉलमध्ये श्रीखंड-पुरी चालू असताना एका नुकत्याच आलेल्या मुलाने विचारलं, दादा, पंतप्रधान मे बाईंचं ब्रेक्झिटचं डील घेऊन ब्रिटनने युरोपियन युनियनमधून एकदाचं बाहेर पडलेलं बरं की पुन्हा जनमत घेतलेलं बरं, कारण मला इथे मत आहे म्हणतात आणि मला तर यातलं काहीच ठरवता येत नाहीये. पुढचा पाऊण तास पंगतीत जे झालं ते सोडा, दोन काका आपापली ताटं उचलून दुसऱ्या टेबलावर गेले, आणि त्या पोराला उत्तर मिळालंच नाही. म्हणून लिहितोय. आता बाहेर पडायची मुदत ३१ ऑक्टोबरपर्यंत वाढलीय आणि २३ मेला युरोपच्या संसदेची निवडणूक बहुतेक होणारच असं दिसतंय, म्हणजे हा प्रश्न पडलेले आपल्यातले बरेच असणार.

कलम ५० (बाहेर पडायची नोटीस) काय, बॅकस्टॉप (आयर्लंडमधली सीमा खुली ठेवायची हमी) काय, ३९ अब्ज पौंड (युनियनचं देणं) कशाचे, हे खोलात परत सांगत नाही, तीन वर्षं रोज ऐकतोय आपण. नो डील, म्हणजे कराराशिवाय बाहेर पडणं, तुलनेत घेतलेलंच नाही. का ते पुढे येईलच, पण थोडक्यात, जानेवारीत केंटमध्ये मॅन्स्टनच्या जुन्या विमानतळावर लॉऱ्यांच्या रांगांची रंगीत तालीम झाली तिला ८९ लॉऱ्या आल्या आणि फेरीचं एक कंत्राट ज्या कंपनीला दिलं तिच्याकडे जहाजच नव्हतं, एवढी ज्याची तयारी त्याचा विचार मी करत नाही.

आधी माझं सांगतो म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको. २०१६च्या जनमतात मी रिमेनवर, म्हणजे युनियनमध्येच राहण्याच्या बाजूने, मताची फुली मारली होती. भारतीय पासपोर्टवर, कॉमनवेल्थवाले म्हणून आपल्याला मत होतंच. आमच्या स्विंडनमध्ये मात्र शंभरातल्या जवळपास ५५ जणांनी लीव्हला, म्हणजे बाहेर पडायला, मत दिलं आणि त्यात आपले लोकही होते, त्यांचं म्हणणं अगदीच चूक होतं असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं. पोलंडचा माणूस सहज येतो, बायकोपोरं आणतो, आणि आपण व्हिसाची फी भरा, वर एनएचएसचा, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचा, सरचार्ज भरा (तो जानेवारीपासून २०० पौंडांचा ४०० झालाय), बायकोला आणायचं तर वर्षाला १८,६०० पौंड पगार दाखवा. करी हाउसवाल्यांना तर सांगितलं होतं की युरोपचे लोक थांबले की तुमचे आचारी आणता येतील. ते आचारी अजून काही आले नाहीत.

तर डील. ५८५ पानं आहेत, मी त्यातला नागरिकांच्या हक्कांचा भाग वाचलाय, बाकी चाळलं. माझ्या डोक्यात ते वाटणीपत्र आहे. एकत्र कुटुंबातून एक भाऊ बाहेर पडतोय, तर देणं किती, घरात राहणाऱ्यांचं काय आणि बांध कुठे घालायचा, किंवा आयर्लंडमध्ये बांध घालायचाच नाही तर ते कसं निभवायचं, एवढं त्यात पक्कं केलंय. पुढे दोन घरांचं येणंजाणं कसं राहणार यावर वेगळी २६ पानं आहेत, ती नुसत्या सदिच्छांची. हाच त्याचा मोठा दोष, आणि ते कोणालाच आवडत नाही हा दुसरा. पार्लमेंटमध्ये जानेवारीत ४३२ विरुद्ध २०२ ने पडलं, मार्चच्या मध्यात १४९ ने, २९ मार्चला ५८ ने. लीव्हवाले म्हणतात ही गुलामी, रिमेनवाले म्हणतात मग आत होतो तेच काय वाईट होतं. दोघांचंही थोडं खरं आहे. पण एक गोष्ट पंगतीत कोणीच बोललं नाही, ती म्हणजे हे पास झालं तर ३१ डिसेंबर २०२० पर्यंत रोजच्या व्यवहारात काहीही बदलत नाही, लॉऱ्या आज येतात तशाच येणार.

पुन्हा मतदानाची बाजू आमच्या घरातच आहे. बायको २३ मार्चला पोस्टर घेऊन लंडनच्या मोर्चाला गेली होती आणि कलम ५० रद्द करा म्हणणाऱ्या त्या अर्जावर, ज्याच्यावर ६० लाखांच्या वर सह्या झाल्या, तिची सही पहिल्याच दिवशी. माझी नाही. तिचं म्हणणं असं की २०१६ला लोकांना 'बाहेर जेवायला जाऊ' एवढंच सांगितलं होतं, लीव्हच्या प्रचाराच्या लाल बसवर युनियनला आठवड्याला ३५ कोटी पौंड जातात असं लिहून, आता ताट समोर आलंय तर ते बघून खायचं की नाही हे तरी विचारा. याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही, खरंच नाही. १ एप्रिलला पार्लमेंटमध्ये पुन्हा मतदानाचा ठराव २८० विरुद्ध २९२ ने हुकला, म्हणजे डीलपेक्षा कितीतरी कमी फरकाने (कस्टम्स युनियनचा, म्हणजे युरोपशी जकात सामायिक ठेवण्याचा, तर फक्त ३ मतांनी गेला, त्या रात्री मी कपाळाला हात लावला). आणि डील पास करा पण लोकांच्या शिक्क्यासकट, असंही काही खासदार म्हणतायत, ते झालं तर आमच्या घरातलं भांडण एका फटक्यात मिटेल.

अडचण अशी की मतपत्रिकेवर लिहायचं काय यावरच एकमत नाही. डील की रिमेन? मग नो डीलवाले म्हणणार आम्हाला गाळलं. तीन पर्याय दिले तर ४०-३५-२५ अशी मतं पडून जिंकलं कोण यावरच पुढची तीन वर्षं. अभ्यासकांनी हिशोब मांडलाय की कायदा करणं, प्रश्न तपासणं, प्रचार मिळून कमीतकमी २२ आठवडे लागतात. आज सुरू केलं तरी सप्टेंबरचा शेवट येतो, आणि आज तर कोणी सुरू करत नाहीये.

आता माझं घोडं जिथे अडलं ते सांगतो. मोठ्या तत्त्वाचं काही नाही, तारखांचं आहे.

मी औषधांच्या घाऊक गोदामात स्टॉकचं प्लॅनिंग बघतो. गेल्या ऑगस्टमध्ये सरकारने औषधवाल्यांना सांगितलं की नेहमीच्या वर सहा आठवड्यांचा जादा साठा करा, २९ मार्चला नो डील झालं तर डोव्हर बंदरात माल अडकायला नको. केला. फ्रिजमधला माल, म्हणजे इन्सुलिनसारखा २ ते ८ डिग्रीतला, त्याला आमची जागा पुरेना म्हणून बाहेर एक कोल्ड स्टोअर भाड्याने घेतलं, एरवी जेवढं लागेल त्याच्या दीडपट भाव देऊन, कारण तेव्हा सगळेच जागा शोधत होते. बायको मोर्चात होती त्या शनिवारी मी तिथे जॅकेट घालून बॅच नंबर मोजत होतो. आदल्या दोन दिवसांत ब्रसेल्सला ठरलं होतं की २९ मार्च नाही, १२ एप्रिल. म्हणजे भाडं वाढवा. मग १० एप्रिलच्या रात्री उशिरा ३१ ऑक्टोबर. आता हा माल ठेवायचा का विकायचा? ठेवला तर एक्सपायरी जवळ येते आणि कमी दिवस उरलेला माल हॉस्पिटलं घेत नाहीत. विकला तर सप्टेंबरमध्ये हेच सगळं पुन्हा, आणि कोल्ड स्टोअरवाल्याने आत्ताच सांगून ठेवलंय की ऑक्टोबर-नोव्हेंबरला ख्रिसमसच्या मालाची बुकिंगं असतात, टर्की आणि काय काय, तुम्हाला जागा देईन याची खात्री नाही. आमच्या ऑफिसच्या व्हाइटबोर्डवर किती दिवस उरले तो आकडा असायचा, तो पुसून कोणीतरी हॅलोविनचा भोपळा काढलाय.

कोर्टात पुढची तारीख पडते ना तसं झालंय हे, फक्त इथे पक्षकार सगळा देश. आणि पुन्हा मतदान म्हणजे, मान्य करायला जड जातं पण, निदान आणखी एक तारीख, ३१ ऑक्टोबरच्या पुढची, ती पुन्हा युनियनच्या उरलेल्या २७ देशांकडे मागायची, मग निकाल, मग निकालानंतरची तारीख. डील म्हणजे पुढची तारीख थेट २०२० च्या डिसेंबरअखेरची. तीही तारीखच आहे आणि तेव्हा पुन्हा गोंधळ घालणार हेच लोक, हे मला कळतं. पण मधल्या वीस महिन्यांत मी साठा नीट उतरवू शकतो. याला मोजमाप वगैरे काही नाही, माझ्या एका गोदामावरून सांगतोय.

दुसरं कारण शेजारी राहतं. म्हापशाचे काका, ६१च्या आधीचा जन्म, त्यामुळे पोर्तुगालचा पासपोर्ट, आमच्या गावात असे गोंयकार बरेच आहेत. २०१६ला मी रिमेनला मत देऊन आलो आणि त्यांना सांगायला गेलो तर ते अंगणात खुर्ची टाकून बसलेले, म्हणाले, "तुका मत आसा, म्हाका ना." मला तोवर हे डोक्यातच आलं नव्हतं. युरोपचा नागरिक असलेल्या माणसाला युरोपबद्दल मत नाही (आयरिश, माल्टा, सायप्रसवाले सोडून), आणि नाशिकच्या माणसाला आहे. त्यांचं राहणं, पेन्शन, उद्या पोराकडे लिस्बनला जाऊन परत येणं, हे सगळं माझ्या फुलीवर. पुन्हा मतदान घेतलं आणि मतदारयादीचा नियम तोच ठेवला तर मी परत जाणार आणि काका परत अंगणात. मोर्चात हा मुद्दा कितीजण बोलले असं बायकोला विचारलं, ती म्हणाली बोलत होते काही जण, पण पोस्टर दिसलं नाही.

डीलमध्ये काकांचे हक्क करारात लिहिलेत. सेटल्ड स्टेटसचा, म्हणजे युरोपियनांनी इथे राहायच्या हक्काचा, अर्ज करायला ३० जून २०२१ पर्यंत वेळ मिळतो, नो डील झालं तर २०२० च्या शेवटापर्यंतच. अर्जाची ६५ पौंड फी रद्द झाली ते बरं झालं. ॲप मात्र आयफोनवर पासपोर्ट वाचत नाही, म्हणून काकांचा अर्ज माझ्या अँड्रॉइडवर केला, पासपोर्टची चिप सापडेपर्यंत अर्धा तास आम्ही दोघं फोन फिरवत होतो.

आता असंही आहे की ज्याचं काम तारखांवर चालत नाही, समजा कोणी शाळेत शिकवतो, नाहीतर भारतातल्या क्लायंटचं आयटीचं काम करतो, त्याला माझी कटकट फार मोठी वाटायची नाही आणि मग बायकोचं म्हणणं जास्त वजनदार ठरेल, मी त्याला चूक म्हणणार नाही. होंडाने फेब्रुवारीत इथला कारखाना २०२१ला बंद करणार म्हणून जाहीर केलं, साडेतीन हजार नोकऱ्या, कंपनी म्हणते याचा ब्रेक्झिटशी संबंध नाही, पण आमच्या चहाच्या खोलीत ते कोणालाच पटलेलं नाही, आणि ज्याच्या घरातला माणूस त्या लाइनवर आहे त्याला 'घ्या डील, संपवा एकदाचं' म्हणायची माझी तरी हिंमत होत नाही. पण मी माझ्या खासदाराला जानेवारीत आणि परत मार्चमध्ये मेल टाकला तो डीलला मत द्या असाच होता. दोन्ही वेळा छापील उत्तर आलं.

त्या मुलाला कामाचं सांगायचं तर, २२ मेच्या आत डील पास झालं तर निवडणूकच होणार नाही, पण नाव मात्र ७ मेच्या आत नोंदवून ठेव. पक्षांचं म्हणशील तर लिबरल डेमोक्रॅट आणि ग्रीन पुन्हा मतदानवाले, टोरी, म्हणजे मे बाईंचा पक्ष, कागदावर तरी डीलवाले, लेबरचं त्यांनाच माहीत नाही. आणि तुझ्या ओळखीत पोर्तुगालचा किंवा कुठलाही युरोपियन पासपोर्टवाला असेल तर त्याला सांग, या निवडणुकीत त्याला मत आहे, पण नुसती नोंदणी पुरत नाही, यूसी१ म्हणून वेगळा फॉर्म भरून कौन्सिलकडे द्यावा लागतो, तोही ७ मेच्या आत. काकांचा मी प्रिंट काढून ठेवलाय. ते म्हणाले चष्मा सापडला की सही करतो, तीन दिवस झाले.