सॅलिनिटी रिफ्रॅक्टोमीटर (०–१०० पीपीटी): खाऱ्या पाण्यात भरवशाचा, गोड्याच्या उंबरठ्यावर नाही

०–१०० पीपीटीचा (हजार भाग पाण्यात किती भाग क्षार) हातातला रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे प्रकाश पाण्यात किती वाकतो त्यावरून खारेपणा सांगणारं उपकरण, कोकणातल्या कोळंबीच्या तलावांवर असतो, समुद्री मत्स्यालय ठेवणाऱ्यांकडे असतो, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतही असतो. स्वस्त आहे, बॅटरी लागत नाही, वर्षानुवर्षं टिकतो. इथे त्याची पारख एकाच कामासाठी केली आहे: खाऱ्या पाण्यातले कोपेपॉड (कोळंबीच्या दूरच्या नात्यातले बारीक कवचधारी प्राणी) पिढ्यान्‌पिढ्या गोड्या पाण्याकडे नेण्याचे प्रयोग.

हे काम उपकरणाचा कस कसा काढतं ते युरिटेमोरा अफिनिस या कोपेपॉडवरून कळतं. जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा हा प्राणी मूळचा खाडीतला आणि खाऱ्या दलदलीतला. अटलांटिकमधून महासरोवरांपर्यंत जहाजं नेणारा सेंट लॉरेन्स जलमार्ग १९५९ मध्ये खुला झाला, त्याच सुमारास तो अमेरिकेच्या महासरोवरांत, म्हणजे पूर्ण गोड्या पाण्यात, दिसू लागला. संशोधक कॅरल ली यांनी १९९९ मध्ये दाखवलं की असा गोड्या पाण्यातला शिरकाव वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे झाला आहे. (उत्तर अमेरिकेतल्या या वंशाला २०११ मध्ये वेगळी जात मानून त्यांच्याच नावावरून युरिटेमोरा कॅरोलीए म्हटलं गेलं.)

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सोडियम साधारण ४७० मिलिमोल असतं, सरोवरात बहुधा एकाहूनही कमी. अंगातले क्षार सतत बाहेर झिरपत असताना इतक्या विरळ पाण्यातून सोडियम ओढून घ्यायचं, तर पेशींना ऊर्जा खर्चून पंप चालवावा लागतो. हे काम व्ही-टाइप प्रोटॉन एटीपेझ हे विकर (एन्झाइम) करतं: प्रोटॉन बाहेर ढकलतं आणि त्यातून तयार झालेल्या विद्युतभारातल्या फरकाच्या ओढीने सोडियम आत येतं. २०११ च्या प्रयोगांत गोड्या पाण्यात स्थिरावलेल्या समूहांमध्ये शून्य खारेपणाला या पंपाची क्रिया खाऱ्या पूर्वजांपेक्षा जास्त आढळली. प्रयोगशाळेत १५ पीपीटीवरून ० वर १२ पिढ्यांत आणलेल्या वाणातही बदल त्याच दिशेने झाला होता. २०१६ मध्ये या पंपांची जागा पोहण्याच्या पायांमधल्या अवयवांत सापडली.

म्हणजे खरी परीक्षा शेवटच्या दोन पीपीटीत आहे. आणि हा रिफ्रॅक्टोमीटर नेमका तिथेच कामाचा राहत नाही.

डोळा लावला की वर निळं, खाली पांढरं आणि मध्ये सीमारेषा दिसते. पट्टीवर एक घर म्हणजे १ पीपीटी, अचूकता धन-ऋण १. सीमारेषा ३० वर असेल तर एवढी चूक चालून जाते. १ वर असेल तर तेच पाणी शून्य पीपीटीही असू शकतं आणि दोनही. त्यातून स्वस्त नगात सीमारेषाच अर्ध्या घराइतकी जाड आणि कडेला निळसर पसरलेली असते. एकाच मादीची पिल्लं तीन-चार खारेपणांत वाटून कुठल्या कुटुंबाची किती जगली ते मोजायचं आणि त्यावरून आनुवंशिक फरक काढायचा, ही इथली नेहमीची पद्धत. दोन कुटुंबांच्या कुप्यांत ०.४ आणि १.२ असं पाणी असलं आणि दोन्हींची नोंद ‘१’ झाली, तर पाण्यातला फरक जनुकांच्या नावावर चढतो. आईकडून आलेला प्रभाव पुसायला दोन पिढ्या एकाच पाण्यात वाढवण्याचा खटाटोप करायचा आणि पाणीच असं मोजायचं, हे पटण्यासारखं नाही.

दुसरा घोळ याहून घातक आहे. डिस्टिल्ड पाणी आणि सरोवराचं पाणी, दोन्हींना हे उपकरण ० दाखवतं. मिशिगन सरोवराच्या पाण्याची विद्युतवाहकता (विरघळलेले क्षार जास्त तितकी ती जास्त) सुमारे ३०० मायक्रोसीमेन्स असते, डिस्टिल्डची जवळजवळ काहीच नाही. डिस्टिल्डमध्ये ओढून घ्यायला ना सोडियम, ना कॅल्शियम. तिथे प्राणी मेले तर त्यावरून गोड्या पाण्याला जुळवून घेण्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

३ पीपीटीच्या वर मात्र याला तोड नाही, कारण दोन-तीन थेंबांत भागतं. २० मिलिलिटरच्या कुपीतलं २ मिलिलिटर पाणी उडालं तर १५ चं १६.७ होतं. रोज दोन-तीन थेंब घेऊन बघितलं तर हे लगेच सापडतं, आणि कुपीत काही बुडवावं लागत नाही.

नवा नग आल्यावर आधी पट्टी कशाची आहे ते तपासा. अनेक नगांवर पट्टी साध्या मिठाच्या द्रावणाची असते आणि खोक्यावर मात्र ‘सी वॉटर’ छापलेलं असतं. आयोडीन नसलेलं शुद्ध सोडियम क्लोराइड ३६.५ ग्रॅम, डिस्टिल्ड पाणी ९६३.५ ग्रॅम, दोन्ही वजन करून घ्या. समुद्राच्या पाण्याची पट्टी असेल तर हे द्रावण ३५ दाखवेल, मिठाची असेल तर ३६.५. त्याआधी डिस्टिल्ड पाण्यावर रबरी टोपीखालचा स्क्रू फिरवून शून्य लावलेलं हवं. केवळ शून्य जुळलं म्हणजे वरची पट्टीही जुळली, असं नसतं.

तापमानाची आपोआप दुरुस्ती साधारण १० ते ३० अंशांपर्यंत असते, पण ती उपकरणाच्या तापमानाची. थंड कपाटातला १२ अंशांचा थेंब ३० अंशांच्या प्रिझमवर टाकून लगेच वाचला तर आकडा सरकतो. झाकण लावून अर्धा मिनिट थांबा. बुडबुडा राहिला तर पुसून पुन्हा थेंब टाका. धुताना नळाखाली धरू नका. पाणी आत गेलं की काच धुरकट होते आणि तो नग बाद. डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेलं मऊ कापड पुरतं. मीठ सुकून बसलं तर पुसताना प्रिझमवर चरे पडतात.

तीनच्या खाली विद्युतवाहकतेचं पेन घ्या. २५ अंशांना १ पीपीटी म्हणजे सुमारे २ मिलिसीमेन्स, म्हणजे ०.१ चा फरकही २०० मायक्रोसीमेन्सचा, स्पष्ट दिसणारा. पेन घेताना वरची मर्यादा बघा: २० मिलिसीमेन्सचं पेन १२ पीपीटीच्या आसपास थांबतं, १५ च्या पाण्याला सुमारे २५ लागतात. पेनवरचा पीपीएमचा (दहा लाख भागांत किती भाग क्षार) आकडा नोंदवू नका. कुठलं पेन वाहकतेला ०.५ ने गुणतं, कुठलं ०.७ ने. मायक्रोसीमेन्सच लिहा. जुळवणीला १४१३ मायक्रोसीमेन्सचं द्रावण वापरा. घरी करायचं तर २५ अंशांना लिटरमध्ये ०.७४५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड.

पेन बुडायला पाणी जास्त लागतं, ते लहान कुपीत जात नाही. त्यासाठी प्रत्येक खारेपणाच्या पाण्याचं एक मोठं भांडं प्राण्यांशिवाय, तशाच झाकणाने, कुप्यांशेजारी ठेवा. पेन त्यात बुडवा. कुपीतून उडालेलं पाणी भरायला डिस्टिल्ड वापरा, सरोवराचं नको, नाहीतर दर भरणीला क्षार वाढत जातात. आणि १५ च्या साठ्यातून ०.५ करताना, म्हणजे लिटरमध्ये ३३ मिलिलिटर घालताना, पातळ करायच्या गोड्या पाण्याची वाहकता आधी मोजून वहीत लिहा. ती ३०० असेल तर त्यात ०.१५ पीपीटी आधीच आहे, आणि तेवढ्या हिशोबाने साठा कमी घालावा लागेल.