टॉवेलचा नमुना मागावर चढण्याआधी: चेकलिस्ट, एक्सेल की पूर्ण एलसीए?

सोलापुरात टेरी टॉवेलचं नवं डिझाइन ठरतं तेव्हा चार गोष्टींवर बोलणं होतं: साइज, जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम वजन), रंग आणि भाव. आता परदेशी खरेदीदार पाचवी गोष्ट विचारू लागलेत. या मालाचा पर्यावरणावर भार किती? उत्तर काढायचे तीन मार्ग आहेत: चेकलिस्ट, एक्सेलमधला हिशेब आणि पूर्ण एलसीए, म्हणजे कच्च्या मालापासून फेकून देईपर्यंतचा सगळा भार मोजणं. त्यातला कोणता धरावा, या विचारात असलेल्या कारखानदारासाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगतो. नमुना मागावर चढण्याआधी केलेला कच्चा हिशेब, माल कंटेनरमध्ये भरल्यावर आलेल्या जाडजूड अहवालापेक्षा कितीतरी कामाचा. जीएसएम, सूत, रंगाचा प्रकार एकदा ठरला की बदलायला फारसं काही उरत नाही.

चेकलिस्ट

सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे मेट तक्ता. कच्चा माल, ऊर्जा आणि विषारी उत्सर्जन असे तीन रकाने, आणि सुतापासून टॉवेल फेकून देईपर्यंतचे टप्पे एकाखाली एक. रंगाई मास्तर, मागावरचा जॉबर आणि डिझायनर यांना दोन तास एकत्र बसवा, खर्च चहाचा. मास्तर लगेच सांगतो की रिअ‍ॅक्टिव्ह रंगात गडद शेड घ्यायची तर मीठ जास्त लागतं आणि धुण्याची पाणीही वाढतात. मग सगळा टॉवेल गडद करायचा की नुसती किनार, हा प्रश्न कागदावरच सुटतो. पण दोन डिझाइन जवळजवळ सारखी असली तर चेकलिस्ट गप्प बसते. तिच्याकडे आकडे नाहीत.

एक्सेल

इथे मी जास्त थांबणार आहे, कारण बहुतेकांचं काम इथेच होतं. किलोला सूत किती, मागाला युनिट किती, रंगाईला पाणी आणि बॉयलरला इंधन किती, हे मांडायचं. विजेसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरण देशाच्या ग्रिडचा आकडा प्रसिद्ध करतं: एका युनिटमागे अंदाजे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड.

खरी मेख आहे ती भार कशावर वाटायचा यात. ७० बाय १४० सेंटीमीटरचा टॉवेल ४५० जीएसएमचा असेल तर वजन ४४१ ग्रॅम, ५५० चा असेल तर ५३९ ग्रॅम. नगावर हिशेब केला तर पातळ टॉवेल सरळ जिंकतो. पण समजा, पातळ टॉवेल ६० धुण्यांत विरला आणि जाड १०० धुणी टिकला. आता एका धुण्यामागे पातळाचं कापड सुमारे ७.४ ग्रॅम पडतं आणि जाडाचं ५.४. निकाल फिरला!

अजून एकदा फिरतो. टॉवेल ड्रायरमध्ये वाळणार असेल आणि किलोला अर्धं युनिट धरलं, तर शंभर धुण्यांत जाड टॉवेल साधारण २०० ग्रॅम कापड वाचवतो, पण ५ युनिट वीज जास्त खातो. सोलापूरच्या गच्चीवर, आपल्या उन्हात, ही ५ युनिटं शून्य होतात. म्हणून माल कोणत्या देशात जाणार आणि तिथे कसा वाळणार, हे विचारल्याशिवाय जीएसएम ठरवू नका. टिकण्याचे आकडे वर मी धरलेले आहेत. तुमचे तुम्ही नमुना धुऊन काढा.

पूर्ण एलसीए

एलसीए म्हणजे जीवनचक्र मूल्यांकन, आयएसओ १४०४० आणि १४०४४ या मानकांप्रमाणे. ओपनएलसीए हे सॉफ्टवेअर फुकट आहे, सिमाप्रोला पैसे पडतात. पण फुकट शब्दावर जाऊ नका, कच्चा माल, वीज वगैरेंच्या भाराचे तयार आकडे देणाऱ्या इकोइन्व्हेंटसारख्या डेटाबेसचा परवाना दोन्हीकडे विकतच घ्यावा लागतो. आणि डेटाबेसमधला सरासरी कापूस म्हणजे तुमचा कापूस नव्हे. विदर्भातला कापूस बहुतांशी कोरडवाहू, तिथे सिंचनाच्या कापसाचा आकडा घातला तर पाण्याचा सगळा हिशेब चुकतो. सूत कुठून येतं, हे गिरणीला विचारावंच लागतं.

तरी एका बाबतीत या मार्गाला तोड नाही, आणि ती म्हणजे पाणी. एलसीएतली अवेअर ही पद्धत पाण्याच्या टंचाईला ०.१ ते १०० असा गुणक लावते. उजनीच्या पाण्याकडे डोळे लावून बसलेल्या, नळाला दिवसाआड पाणी आलं तरी बरं म्हणणाऱ्या शहरातलं एक लिटर आणि कोकणातलं एक लिटर सारखं नाही, हे ती आकड्यात धरते. साधं एक्सेल लिटर मोजून थांबतं.

‘आमचा टॉवेल दुसऱ्यापेक्षा चांगला’ असं जाहीरपणे सांगायचं असेल तर पर्यायच नाही. अशा तुलनेसाठी १४०४४ मानक किमान तीन जणांच्या समितीकडून तपासणी मागतं. खर्च आणि महिने त्या तयारीनेच धरा.

खरेदीदाराने नुसती माहिती मागितली असेल आणि डिझाइन अजून हातात असेल, तर मी चेकलिस्टने सुरुवात करून दोन-तीन पर्याय एक्सेलमध्ये घालीन. पण त्याही आधी रंगाई खात्याला वेगळं पाण्याचं मीटर आणि माग खात्याला वेगळं विजेचं मीटर बसवीन. अख्ख्या कारखान्याचं एकच बिल असेल तर तिन्ही मार्गांत टॉवेलच्या वाट्याला अंदाजच येतो. आणि टँकरने आलेलं पाणी त्या मीटरमधून जात नसेल, तर त्याची वही आजपासून ठेवा.