जॅकेटवर पॅच चिकटवायचा गम : आठ महिन्यांनंतर

ट्यूब उघडली त्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो तर पाचपैकी पाच तारे देऊन मोकळा झालो असतो. बरं झालं आळस केला. गम घेतला ऑक्टोबरात. त्यानंतर माझ्या बाईकच्या जॅकेटने थंडी खाल्ली, एप्रिलचं ऊन खाल्लं, एकदा बादलीत धुऊन झालं आणि परवा आंबेनळी घाटात पोलादपूरपर्यंत पहिला पाऊसही अंगावर घेतला. आता बोलायला हरकत नाही.

आधी मला गमावर का यावं लागलं ते सांगतो. पाच पॅच तीन वर्षं ड्रॉवरमध्ये पडून होते. लेहच्या बाजारात घेतलेला खारदुंग ला या लडाखच्या खिंडीचा, गोव्यातल्या रायडर मॅनिया या बुलेटवाल्यांच्या मेळाव्याचा, कन्याकुमारीचा, आमच्या साताऱ्याच्या ग्रुपचा मोठा पाठीवरचा आणि रक्तगटाचा छोटा. (खारदुंग लाच्या पॅचवर १८,३८० फूट लिहिलंय. खरी उंची १७,५८२ फूट आहे. लेहचे दुकानदार काही ते आठशे फूट सोडायला तयार नाहीत, आणि खरं सांगायचं तर मीही नाही.)

राजवाड्याजवळच्या आमच्या शिंप्याकडे जॅकेट घेऊन गेलो. त्याने बाहीत हात घालून बघितलं, आतलं अस्तर चाचपलं आणि म्हणाला, "सायेब, हे मशिनीखाली जाईत न्हाई. बाही उसवाय लागंल, मग शिवतो." पैसे तो फार मागत नव्हता, एका पॅचचे दीडशे. पण उसवायचं म्हटल्यावर मी जॅकेट काखोटीला मारून परत आलो. रायडिंग जॅकेटच्या खांद्याच्या आणि बाहीच्या शिवणी जाड दोऱ्याने दोन-तीनदा मारलेल्या असतात, त्या पडल्यावर उसवू नयेत म्हणून. त्या साध्या दोऱ्याने परत शिवल्या की पडल्यावर नेमक्या तिथूनच जाणार. शिवाय माझ्या जॅकेटमध्ये, छातीची जाळी सोडली तर, पाणी अडवणारा पडदा बाहेरच्या कापडालाच चिकटलेला आहे, वेगळा निघत नाही. सुईचं प्रत्येक भोक म्हणजे पावसाला एक दार.

इस्त्रीचा विचार केला होता. पॅचच्या पाठीला ती चकचकीत फिल्म असते, इस्त्री फिरवली की चिकटते. सुती टी-शर्टवर छान. पण जॅकेटचं कापड पॉलिस्टर. ते २५०-२६० अंशांना वितळतं हे खरं, पण त्याच्या बरंच आधी मऊ पडतं, चकाकी धरतं, आणि आतल्या पडद्याला तर त्याहून कमी उष्णता पुरते. आमच्या ग्रुपमधल्या एकाच्या जॅकेटवर इस्त्रीचं टोक अजून दिसतं. त्याने त्यावर दुसरा पॅच लावलाय.

म्हणून गम. पांढरा, दुधासारखा, पाण्याचा, वाळल्यावर पारदर्शक होणारा. ६० मिलीची ट्यूब १९० रुपयांना. थिनरच्या वासाचाही एक मिळतो, तो जास्त पकडतो म्हणतात, पण घरात लहान मूल आहे आणि खिडकी एकच, म्हणून नको म्हटलं. दोन थेंबांत चिकटणारा जो झटपट गम असतो तो मात्र कोणीही वापरू नका. वाळला की काचेसारखा कडक होतो, कापड वाकलं की तडकतो आणि कडेला पांढरा डाग ठेवतो. सुती कापडावर जास्त पडला तर तापतो, धूरसुद्धा येतो. हे मी बोट भाजून शिकलोय, दुसऱ्या एका प्रसंगी.

पहिला पॅच मी फसवला. रक्तगटाचा, डाव्या छातीवर. तिथे कापड जाळीचं आहे हे लक्षातच घेतलं नाही. गम भरपूर ओतला, दाबून ठेवला आणि झोपलो. सकाळी पॅच पक्का बसला होता, आणि त्याच्यामागचा आतला खिसाही पक्का बंद झाला होता. गम जाळीतून आत झिरपून अस्तर आणि खिसा एकत्र. खिशात आरसी बुकाचं कार्ड होतं. ते सोडवायला अर्धा तास आणि बायकोची बोलणी, दोन्ही लागलं. त्यानंतर जाळीच्या आत आधी दुधाच्या पिशवीचा तुकडा सरकवायला शिकलो. दुधाच्या पिशवीला हा गम धरत नाही, वाळल्यावर सहज सुटते.

बाकीचे चार मात्र नीट केले. जॅकेटवर पाणी घसरून जावं म्हणून कारखान्यात एक थर दिलेला असतो, त्याच्यावर गमही घसरतो. थेंबभर पाणी टाकून बघा, मोत्यासारखं उभं राहिलं तर तो थर शाबूत आहे. मी पॅचएवढी जागा पेन्सिलने आखली, त्या आखणीच्या आत बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवला आणि मग स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. पॅचच्या पाठीवरची इस्त्रीची फिल्मही तशीच घासून खडबडीत केली. ही पायरी पाकिटावर लिहिलेली नाही, आणि माझ्या मते सगळा खेळ तिथेच आहे. माझं कापड ६०० डेनियरचं, म्हणजे ज्याच्या ९,००० मीटर धाग्याचं वजन ६०० ग्रॅम भरतं असं. वीण जाड आणि दाणेदार आहे. गमाला धरायला जागा मिळते, पण ती धुळीने किंवा त्या थराने भरलेली नसेल तरच.

मग दाबायचं कशाने? टाचण्या नकोत, भोकं पडतात. मी रंगाऱ्यांची कागदी पट्टी लावली. पाठीच्या पॅचखाली पोळपाट सरकवला आणि वर आईचा वरवंटा. बाहीवर वरवंटा चालेना, ती गोल. तिथे खांद्याचं आणि कोपराचं पॅड काढून बाहीत पाण्याची बाटली घातली आणि वरून दोन किलो तांदळाची पिशवी ठेवली, ती आकाराप्रमाणे बसते. पॅडं परत घालायला विसरू नका. मी डाव्या कोपराचं विसरलो आणि कराडला जाऊन आलो. घरी आल्यावर पॅड टीव्हीवर ठेवलेलं दिसलं.

पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'धुतलं तरी निघणार नाही', आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरांत 'पहिले ७२ तास पाणी लावू नये'. ते तीन दिवस पाळा. वरून वाळल्यासारखा वाटतो, आत ओला असतो.

आता आजची स्थिती. खारदुंग ला उजव्या दंडावर आहे, तो जागचा हललेला नाही. नखाने कड उचलायला गेलो तर नख वाकलं. जाळीवरचा रक्तगटही पक्का, ज्याला मी फसवला म्हणालो तोच. गम आरपार गेल्यामुळे दोन्ही बाजूंनी धरलाय बहुतेक. पाठीवरच्या ग्रुपच्या पॅचचा एक कोपरा सुटलाय, सॅकचा पट्टा तिथेच घासतो. चूक जागेची, गमाची नाही. रायडर मॅनियाचा मी हौसेने कोपराच्या जरा वर लावला, लोकांना सिग्नलला दिसावा म्हणून. हात दर वेळी दुमडतो तिथे. तिसऱ्या महिन्यात खालची कड उघडी पडली, परत गम भरला, एप्रिलात परत उघडली. उन्हात काळं जॅकेट बाईकच्या टाकीवर ठेवलं की गम जरा मऊ पडतो, हे मला दोनदा जाणवलं. कन्याकुमारीचा पॅच रबराचा. तो आठ दिवसांत पडला, खंबाटकीच्या बोगद्याच्या अलीकडे कुठेतरी. रबराच्या पॅचला हा गम लागत नाही हे पाकिटावर लिहायला हवं होतं. मी पाच इंच जागा मोजून, घासून, पुसून बसलो होतो.

आंबेनळीच्या पावसात दोन तास भिजल्यावर सुटलेले कोपरे तेवढेच सुटलेले राहिले, पुढे गेले नाहीत. जाळीमागचा भाग सोडला तर आतून शर्ट कोरडा होता. शिवून घेतलं असतं तर हे झालं नसतं, आणि यासाठी मी या गमाला माफ करतो.

पाचपैकी साडेतीन. दीड तारा कापला त्यातला एक रबराबद्दल गप्प बसल्याचा, अर्धा टोपणाचा. एकदा उघडलेली ट्यूब चौथ्या महिन्यात टोपणाशीच चिकटली, पकडीने फिरवली तर नळी फाटली. निम्मा गम वाया. तुम्ही घेणार असाल तर ३० मिलीची छोटी मिळते, पाच पॅचना पुरते.

चामड्याच्या जॅकेटवर मी वापरलेला नाही, माझ्याकडे ते नाही. जाळीचं साधं जॅकेट असेल, पाण्याचा पडदा वेगळा निघत असेल आणि शिंपी हाताने शिवायला तयार असेल, तर शिवूनच घ्या. आमचा शिंपी तयार आहे, पण दिवाळीनंतर म्हणतो.