तेल चकाचक, आत पुराचं पाणी: जुन्या ट्रॅक्टरच्या सौद्यात गेलेले ८२,०३० रुपये

ट्रॅक्टर ३,८५,००० चा. २०११ चं मॉडेल, ऑइल ब्रेक (तेलात बुडालेले ब्रेक), टायर निम्मे, कागदपत्रं स्वच्छ. सौदा नोव्हेंबर २०२१ मध्ये झाला, सांगली-कोल्हापूर पट्ट्यात. त्याच वर्षी जुलैत कृष्णा-पंचगंगेनं काय केलं हे वेगळं सांगायला नको. "पुरात होता का?" हे विचारलं होतं, एजंटासमोर विचारलं होतं. "शेड उंचावर आहे, पाणी फाटकापर्यंतच आलं," हे विकणाऱ्याचं उत्तरही त्याच्यासमोरच मिळालं. आता तो एजंट म्हणतो, मला काही आठवत नाही. त्याच्या दलालीचे ७,००० मात्र त्याला बरोबर आठवत होते.

पुरात बुडालेली गाडी धुऊन, रंग मारून विकतात हे जुनंच आहे. मीटरच्या काचेआड गाळाची रेघ, हेडलाइटच्या बल्बमागे माती, सेल्फला गंज, एवढं सगळेच बघतात, आम्हीही बघितलं. मीटर आणि हेडलाइट दोन्ही नवे होते. पण इंजिनात शिरलेलं पाणी आठवड्याभरात बोंबलतं, हायड्रोलिकमधलं (तेलाच्या दाबावर मागची अवजारं उचलणाऱ्या लिफ्टच्या यंत्रणेतलं) बोंबलत नाही, आणि विकणाऱ्याला नेमकं तेच सोयीचं असतं.

बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, डिफरेन्शियल, लिफ्ट आणि ऑइल ब्रेक एकाच तेलावर चालतात. आमच्यात पुस्तकाप्रमाणे ४० लिटर. पुराचं पाणी शिरायला जागा कमी नाहीत: गिअर लिव्हरचं फाटलेलं रबर बूट, ब्रीदर (आतली हवा जायचं भोक), डिपस्टिकची (तेल मोजायच्या पट्टीची) ढिली सील, लिफ्ट कव्हरचं गॅस्केट, ब्रेक शाफ्टचे सील. पूर कशाला, प्रेशर पंपानं धुताना बुटावर फवारा धरला तरी तेवढंच होतं. चिखलणीत तर दरवर्षी थोडंथोडं जातंच.

विकण्याआधी खालचा मोठा ड्रेन प्लग खोलून दुधाळ तेल सोडायचं आणि नवं ओतायचं, एवढीच त्याची युक्ती. पण त्या प्लगमधून सगळं तेल येत नाही. दोन्ही बाजूंचे ट्रम्पेट (मागच्या चाकांच्या आसाची घरं), लिफ्टचा सिलेंडर, पंपाचं हाउसिंग, कंट्रोल व्हॉल्व्हच्या नळ्या इथं जुनं मिश्रण तसंच बसून राहतं. आम्ही नंतर सगळे प्लग उघडून मोजलं: मोठ्या प्लगमधून ३१ लिटर, बाकीच्या ठिकाणांहून ८. हे ८ लिटर नव्या तेलात कालवले की आठ-दहा तासांच्या कामात सगळं पुन्हा दुधाच्या चहासारखं.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे अजून झोप लागत नाही. डिपस्टिक काढली तेव्हा टोकाला तेल सोनेरी, पारदर्शक. आणि तेलाच्या रेघेच्या दोन बोटं वर, पट्टीवर तांबूस गंजाचे ठिपके. फिलरच्या झाकणाच्या आतल्या बाजूलाही तोच गंज, त्यावर पिवळट साय चिकटलेली. दहा वर्षांच्या ट्रॅक्टरला तेल नवं आणि पट्टी गंजलेली! तेल खरंच वेळच्या वेळी बदललेलं असतं तर पट्टीवर गंज धरायला जागाच नव्हती. गंज तिथंच धरतो जिथं आत वाफ कोंडते आणि थेंब होऊन लोखंडावर बसते. पण समोरचा म्हणत होता, "तुमच्यासाठी सर्व्हिसिंग करून ठेवलंय, ५,००० चं काम वाचलं तुमचं." आता सांगा, सर्व्हिस करून देणाऱ्यावर संशय कोण घेतो? ताजं तेल बघून माणूस खूश होतो, आणि त्यासाठीच ते ओतलेलं असतं.

दुसरी खूण म्हणजे बोनेट गरम होतं. "आत्ताच शेतातून आणला." तेल गरम असलं की त्यात जास्त पाणी विरघळून राहतं आणि धूसरपणा नाहीसा होतो, थंड झाल्यावर तेच तेल पुन्हा ढगाळ दिसतं. म्हणून ट्रॅक्टर सकाळी, रात्रभर एका जागी उभा असताना बघायला जा. चावी फिरवण्याआधी खालचा प्लग हळूच ढिला करा आणि पहिलं पाव लिटर पारदर्शक बाटलीत घ्या. पाणी तेलाहून जड, ते रात्रीत तळाला बसलेलं असतं आणि सगळ्यात आधी बाहेर येतं. प्लग खोलू देत नसेल तर सौदा तिथंच सोडा. चांगला ट्रॅक्टर विकणाऱ्याला पाव लिटर तेलाचं दुःख होत नाही. हेही लक्षात ठेवा की ऑइल ब्रेकच्या तेलातली द्रव्यं थोडं पाणी धरून ठेवतात, त्यामुळे तळाला थर दिसला नाही म्हणून पाणी नाही असं समजू नका.

मग तव्याची तपासणी करा. लोखंडी पत्रा दीडशे अंशांच्या वर तापवायचा आणि त्यावर तेलाचे दोन थेंब टाकायचे. चरचरून बुडबुडे फुटले तर पाणी आहे, नुसता पसरून धूर आला तर नाही. साधारण हजारात एक भाग पाणी असलं तरी आवाज येतो. चष्मा घाला, थेंब डोळ्यात उडतो. वाटीभर तेल तापवायचा शहाणपणा करू नका.

ट्रॅक्टर कामाला लावल्यावर लिफ्ट ओझ्यासकट थरथरायला लागली, पंप शिटी वाजवल्यासारखा ओरडायला लागला, ब्रेक दाबला की कुरकुर. फिल्टर काढला तर आतला कागद फुगून सुरकुतलेला. पाण्यानं कागद फुगतो, तेल वाहायची वाट आवळते, पंपाला तेल कमी पडतं आणि तो कोरडा ओढत राहतो. ही शिटी म्हणजे पंप मरायला लागल्याची खूण. तो आवाज ऐकत नांगरट पुरी करायची नसते.

इथं दुसरा ठकवणारा भेटला. मिस्त्री, नावाजलेला. त्यानं १,८५० चा एक असे दोन डबे आणले, "पाणी शोषणारं केमिकल", म्हणजे ३,७०० रुपये. वर ५,४०० च्या दोन बादल्या तेल, १०,८००. मजुरी ४,५००. एकूण १९,०००. केमिकल ओतल्यावर तेल दुसऱ्या दिवशी खरंच स्वच्छ दिसलं. पण पाणी हवेत गेलं नव्हतं. असल्या द्रवानं पाण्याचे थेंब इतके बारीक होतात की डोळ्याला दिसत नाहीत. पाणी तेलातच राहतं आणि पंपाच्या गिअरांमधून, बेअरिंगमधून फिरत राहतं, आणि तेलाचा थर पातळ पडलेल्या जागी लोखंड लोखंडावर घासतं. बंद चेंबरमध्ये पाणी "खाऊन" टाकणारं काही नसतं. ते बाहेर काढावंच लागतं. बादल्यांची सीलं आमच्यासमोर फोडली नव्हती, हे आता आठवतं. त्या तेलाचा थेंब तव्यावर टाकला तर तेही चरचरलं. यापुढे बादली आपण आणायची, सील आपल्यासमोर तोडायचं, रिकामी बादली परत द्यायची नाही. त्याच बादलीत उद्या दुसऱ्याला गाळलेलं काळं तेल भरून मिळतं.

शेवटी पंप उतरवला. हिशेब असा: पंप १३,६००, कंट्रोल व्हॉल्व्हचा स्पूल (आतला सरकता दांडा) गंजून अडकलेला म्हणून ६,२००, ब्रेक प्लेटा आणि ओ-रिंगा ९,४५०, मजुरी १२,०००, धुवायला स्वस्तातलं २० लिटर तेल ३,२००, भरायला दोन बादल्या १०,८००, फिल्टर ७८०. झाले ५६,०३०. त्यात मिस्त्रीचे १९,००० आणि एजंटाचे ७,००० मिळवा.

तेल सोडून आतून धुवायचं काम पहिल्याच वेळी नीट केलं असतं तर पंप वाचला असता. पद्धत लिहून ठेवतो, कारण मिस्त्री यातलं निम्मं गाळतात. ट्रॅक्टर अर्धा तास चालवून तेल गरम करा, लिफ्ट दहा-बारा वेळा वर-खाली करा. मग लिफ्टचे हात पूर्ण खाली सोडून इंजिन बंद करा; हात वर राहिले तर सिलेंडरातलं तेल आतच राहतं. ज्या बाजूला ड्रेन प्लग आहे ती बाजू उताराला ठेवा. सगळे प्लग उघडा: गिअरबॉक्स, डिफरेन्शियल, दोन्ही ट्रम्पेट, आणि असला तर पंपाच्या हाउसिंगचा. रात्रभर गळू द्या. सक्शनची (पंप तेल ओढतो तिथली) जाळी बाहेर काढून धुवा, तिच्यावरचा चिकट तपकिरी चिखल नुसत्या तेलानं निघत नाही. जुना, पण न फुगलेला फिल्टर घालून त्याच ग्रेडचं स्वस्त तेल पंपाला पुरेल इतकं ओता, ओझं न लावता दहा-पंधरा मिनिटं चालवा, लिफ्ट हलवा, गरम असतानाच पुन्हा सोडा. नुसत्या डिझेलवर पंप फिरवायचा नाही. डिझेलला वंगण नसल्यात जमा, आणि जे कोपऱ्यात राहतं ते नवं तेल पातळ करतं. धुतलेलं तेल दुधाळ निघालं तर पुन्हा एकदा धुवा. मग नवा फिल्टर, नवं तेल, आणि ५० तासांनी फिल्टर परत बदला. बूट, ब्रीदर आणि सील आधी बदलले नाहीत तर हे सगळं पाण्यात.

आणि डंपिंग ट्रॉली! दुसऱ्याची ट्रॉली जोडली की तिच्या जॅकमधलं तेल आपल्या चेंबरमध्ये येतं, आपलं तिकडं जातं. ट्रॉली वर्षभर पावसात उभी, कपलिंगला टोपी नाही. तेल बदलल्यावर आपल्या ट्रॉलीचा जॅकही रिकामा करायचा असतो, हे एकही मिस्त्री आपणहून सांगत नाही.

आता सरकारी दारांची कथा. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य: "हे दिवाणी आहे, कोर्टात जा." खोटं सांगून माल खपवला तर ती फसवणूक कशी नाही, यावर उत्तर नाही. अर्ज घ्यायला तयार नव्हते, घेतल्यावर पोच द्यायला तयार नव्हते. "जुनी गाडी आहे, बघून घ्यायची होती ना?" म्हणजे चोर तो नाहीच, बघणारा आंधळा! आरटीओत गेलं तर चासी नंबर आणि इंजिन नंबर जुळतात ना, मग आमचं काम संपलं. गाडी पुरात होती का याची नोंद कुठं? नाही. पंचनामे झाले होते, त्या यादीत हा ट्रॅक्टर आहे का हे तलाठ्याला विचारलं तर "माहितीच्या अधिकारात अर्ज करा." तो केला, तर उत्तर आलं की वाहनांची वेगळी यादी नाही. ग्राहक आयोगाकडे वळलो तर विकणारा म्हणाला, मी विक्रेता नाही, मधला माणूस आहे, कागदावरच्या मालकाला विचारा. मालक म्हणतो, मी गाडी याच्या ताब्यात दिली होती, यानं काय सांगितलं मला ठाऊक नाही. कायद्यात लिहिलंय की तक्रार ३ महिन्यांत निकाली निघावी, प्रयोगशाळेची तपासणी लागली तर ५ महिन्यांत. पुस्तकात वाचायला छान वाटतं. तारखेला समोरचा येत नाही, पुढची तारीख.

आणि सगळ्यांचा एकच प्रश्न: पुरावा कुठं आहे? मूळ दुधाळ तेल मिस्त्रीनं ड्रममध्ये ओतून नेलं होतं, त्याचे वर पैसेही त्याला मिळाले असणार. म्हणून शंका आली की आधी एक लिटर तेल दोन स्वच्छ कोरड्या बाटल्यांत भरा, झाकणावर चिकटपट्टी, तारीख, दोन साक्षीदारांच्या सह्या, प्लग खोलतानाचा व्हिडिओ. एक बाटली प्रयोगशाळेत द्या, तिथं तेलातलं पाणी कार्ल फिशर पद्धतीनं आकड्यात मिळतं. हा कागद हातात असला की "दिवाणी आहे" म्हणणारा आवाज जरा खाली येतो. ठाण्यात घेतच नसतील तर तक्रार लेखी, स्पीड पोस्टानं जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे. आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, पण २ वर्षांच्या आत जायला हवं. आणि ट्रॅक्टर स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलाय हे पहिल्याच पानावर लिहा, नाहीतर समोरचा वकील "व्यापारी कारणासाठी घेतला" म्हणून तुम्हाला ग्राहकच मानत नाही.

इसार देतानाच्या कागदावर एक ओळ घालून घ्या: "ट्रॅक्टर पुराच्या पाण्यात बुडालेला नाही, हायड्रोलिकचं तेल अमुक तारखेला बदललं", खाली विकणाऱ्याची सही. ओळ लिहायला नकार आला तर कारण विचारत बसू नका. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्याला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. ते मागा आणि त्याचा फोटो काढा, म्हणजे नंतर "मी मधला माणूस" हे चालणार नाही. तेल बदललंय म्हणत असेल तर जुनं तेल कुठंय ते विचारा, शेडच्या कोपऱ्यातला ड्रम उघडून बघा. आमच्यावेळी तो ड्रम तिथंच, ताडपत्रीखाली होता.