ब्राझील सोडताना: करनिवासी राहायचं की ‘साइदा देफिनितीवा’ द्यायचा?

लिस्बन किंवा बोस्टनला स्थायिक झालेले बरेच ब्राझिलियन कागदोपत्री ब्राझीलचे करनिवासीच राहतात. बँक खातं, ब्रोकर सगळं जसंच्या तसं चालतं, पण जगभरच्या उत्पन्नावर २७.५ टक्क्यांपर्यंत कर लागू होतो. शिवाय २०२३ च्या १४.७५४ क्रमांकाच्या कायद्यानंतर परदेशी गुंतवणुकीच्या कमाईवर १५ टक्के कर आहे. पोर्तुगालशी दुहेरी कराचा करार आहे. अमेरिकेशी नाही, तिथे भरलेल्या कराची परस्परतेच्या तत्त्वावर वजावट मिळते.

दुसरा मार्ग म्हणजे ‘साइदा देफिनितीवा’, म्हणजेच रेसेइता फेडेराल या कर खात्याला कायमचं देश सोडल्याचं कळवणं. त्याची सूचना पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीअखेरपर्यंत द्यायची, विवरणपत्र वेगळं. मग परदेशातल्या पगाराशी ब्राझीलचा संबंध उरत नाही. सीपीएफ हा ब्राझीलचा करदाता क्रमांक मात्र कायम राहतो. तो रद्द होईल ही भीती फुकाची.

खरी गंमत भाड्यात आहे. साओ पावलोतल्या फ्लॅटचं भाडं मोठं असेल, तर अनिवासींचा सरसकट १५ टक्के दर स्वस्त पडतो. भाडं तुटपुंजं असेल तर उलटं, कारण निवासींना मिळणारी करमुक्त मर्यादा इथे नाही. बँक आणि ब्रोकरलाही कळवावं लागतं, आणि तिथेच डोकेदुखी सुरू होते: काही ब्रोकर अनिवासींना सरळ नाही म्हणतात.

नुसतं गप्प बसणं हा तिसरा पर्याय नव्हे. सलग १२ महिने बाहेर राहिल्यावर कायदा तसाही अनिवासी मानतो. परतायचं नक्की नसेल, तर मी सूचना देण्याच्याच बाजूचा.