कांदेपोहे की लव्ह मॅरेज: प्रेम आधी की नंतर?

लव्ह मॅरेजमध्ये माणूस आधी कळतो, घर नंतर. तीन वर्षं टपरीवर एकत्र चहा प्यायलात, तरी तो ओला टॉवेल पलंगावर टाकतो हे लग्नानंतरच समजतं. पण रुसवा किती दिवस टिकतो, भांडण कोण मिटवतं, हे ठाऊक असतं. माझ्या मते हीच खरी पुंजी. धर्म वेगळे असतील आणि कुणालाच बदलायचा नसेल, तर १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस देऊन ३० दिवस थांबायचं. त्या महिन्यात घरची रडारड झेलताना प्रेमाचा कस लागतो.

कांदेपोह्यांत उलटं. पत्रिका, पगार, फ्लॅट सगळं जुळतं, माणूस अनोळखी. ‘दोघांना जरा गच्चीवर बोलू द्या’ म्हणून मिळालेल्या वीस मिनिटांत काय कळणार, कपाळ! प्रेम येतं, पण चोरपावलांनी. आईला कारल्याचा वासही नको, म्हणून बाबा आवडत असूनही मंडईतून कारली आणत नाहीत. दोघं अजून एकमेकांना ‘अहो’ आणि ‘अगं’च म्हणतात. आणि नाहीच आलं, तर सवयीलाच प्रेम म्हणावं लागतं.

हल्ली साखरपुडा आणि लग्नात सहा महिने ठेवतात. तेवढ्यात थोडं लव्ह मॅरेज उरकून घेतात म्हणे.